घरगुती ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट खरंच किती आहे, हे टायट्रेशनने मोजायचं तर आखणी कशी करावी?

बाटलीवर 5 टक्के लिहिलंय, थायोसल्फेट 0.1 एन (नॉर्मल) आहे, पण ब्लीच किती पातळ करायचं तेच कळत नाही, असं तुम्ही म्हणता. सगळी आखणी तिथेच तर आहे!

मी रीडिंगपासून उलटा येतो. 5 टक्के ब्लीच म्हणजे साधारण 0.7 मोलर. हायपोक्लोराइटच्या एका मोलमागे थायोसल्फेटचे दोन मोल लागतात. न पातळ करता 10 मिली घेतलंत तर 50 मिलीचं ब्युरेट दोनदा भरूनही पुरणार नाही. म्हणून 10 मिली ब्लीच पिपेट बल्बने (तोंडाने अजिबात नको) घेऊन 250 मिलीच्या स्टँडर्ड फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत करा आणि त्यातलं 25 मिली टायट्रेट करा. या 25 मिलीत मूळ ब्लीच बरोबर 1 मिली असतं आणि रीडिंग 14-15 मिलीच्या आसपास येतं. हिशेबही सोपा होतो: रीडिंग गुणिले 0.372 म्हणजे 100 मिली ब्लीचमधले हायपोक्लोराइटचे ग्रॅम.

क्रम मात्र पाळा. आधी 10 टक्के पोटॅशियम आयोडाइड 10 मिली, मगच विरल ॲसेटिक ॲसिड 10 मिली. हायपोक्लोराइट आयोडाइडमधून तपकिरी आयोडीन मोकळं करतं आणि थायोसल्फेटने आपण तेच मोजतो. एस.वाय.ला असताना मी घाईत आधी ॲसिड ओतलं होतं. नाक झोंबलं ते वेगळंच, पण मोजायचा क्लोरीनच हवेत गेल्यामुळे रीडिंगही कमी आलं. ॲसिड वगळूनही चालत नाही, कारण ब्लीच अल्कधर्मी असतं आणि तशा द्रावणात आयोडीन-थायोसल्फेटचं एकास दोन हे गणितच बिघडतं.

स्टार्च सुरुवातीला घालू नका. तपकिरी रंग उतरून फिकट पिवळा झाला की घाला. आधी घातलं तर निळा रंग चिकटून बसतो. निळा गेला की थांबा. काही मिनिटांनी पुन्हा निळसर दिसला तर ती हवेची करामत, त्यासाठी आणखी थेंब सोडू नका. एक पायलट (अंदाजी) रीडिंग, मग सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेट रीडिंग, मिळेपर्यंत तीन-चार.

थायोसल्फेट जुनं असेल तर त्याच दिवशी पोटॅशियम डायक्रोमेटने प्रमाणित करून घ्या. वजन करून बनवलेल्या थायोसल्फेटच्या 0.1 वर मी विश्वास ठेवत नाही.

शेवटी लेबल नीट वाचा. टक्केवारी वजनाची असेल तर घनता मोजून भागावं लागेल (साधारण 1.08). ‘उपलब्ध क्लोरीन’ लिहिलं असेल तर 0.372 ऐवजी 0.355 ने गुणा. एवढं करूनही आकडा लेबलपेक्षा कमी आला तर लगेच स्वतःला दोष देऊ नका, बाटलीवरची तारीख बघा. ऊन आणि उकाड्याने हायपोक्लोराइट बाटलीतच मरत जातं. जमलं तर एकाच तारखेच्या दोन बाटल्या घ्या, एक कपाटात आणि एक खिडकीत ठेवा, आणि महिनाभराने दोन्ही मोजा.