फिजिक्सला १९ पडले म्हणून

वहिनी, मुलाला अकरावीच्या सहामाहीत फिजिक्सला ५० पैकी १९ पडले म्हणून घरात सुतक पाळू नका. आमच्या थोरल्याच्या वेळी मीही हेच केलं. येईल त्या पाहुण्याला पडवीत बसवून गुणपत्रिका दाखवायचे! पोरगा मागच्या दाराने आगरात जाऊन बसायचा, जेवायलासुद्धा हाक मारावी लागे.

इंजिनिअरिंगच्या राज्यातल्या प्रवेशाच्या यादीत अकरावीचे गुण धरत नाहीत. तिथे एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचं पर्सेंटाइल (म्हणजे शंभरातले किती जण आपल्या मागे, ते) चालतं; बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) खुल्या गटाला ४५ टक्के झाले की पात्र. (आयआयटीचं प्रकरण वेगळं, ते आत्ता काढूच नका.) पण सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवरचे असतात, म्हणून कच्चं राहिलेलं भरून घ्या.

आधी उत्तरपत्रिका मागून बघा. आमच्याकडे सूत्रं तोंडपाठ होती, पण सेंटिमीटरचे मीटर करायचं राहून जायचं, सगळं गणित तिथेच फसायचं. मग सकाळच्या एसटीआधी रोज पाच गणितं, प्रत्येक ओळीत एकक लिहून. ओरडण्यापेक्षा त्याने फरक पडला.

आणि इंजिनिअरिंगखेरीजही वाटा असतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला आलात तर शिरगावचं मत्स्य महाविद्यालयही त्याला दाखवून आणा.