लिनक्सच्या सोर्स पॅकेजवर प्रोजेक्ट करू का?

प्रश्न : मी सांगलीजवळच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षी एका लहानशा लिनक्स डिस्ट्रिब्युशनसाठी नवा सोर्स पॅकेज फॉरमॅट (प्रोग्रामचा मूळ कोड आणि त्यातले बदल एकत्र बांधून ठेवायची पद्धत) तयार करायचा विचार आहे. गाइड सर म्हणतात, त्यापेक्षा एखादं ॲप कर, प्लेसमेंटला उपयोगी पडेल. आईबाबांनाही तेच वाटतं. यात करिअर आहे का?

उत्तर : विषय अजिबात सोडू नकोस. पण नवा फॉरमॅट करायच्या आधी जुन्याशी काही महिने संसार कर.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी एका कंपनीत रिलीजचं काम करायचो. बाहेरून घेतलेल्या एका लायब्ररीच्या सोर्समध्ये तिथल्या कुणीतरी थेट दुरुस्त्या केल्या होत्या. पुढे तो नोकरी सोडून गेला. लायब्ररीची नवी आवृत्ती घ्यायची वेळ आली, तेव्हा मूळ ओळी कुठल्या आणि आमच्या कुठल्या, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. आम्ही दोघं कित्येक दिवस जुन्या-नव्या फाइली शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडत बसलो. मूळ लेखकाचं काय आणि आपलं काय, हे कधीही वेगळं करून दाखवता यावं, सोर्स पॅकेज असतं ते यासाठीच.

डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्युशनवर 'ॲप्ट सोर्स हॅलो' (apt source hello) एवढी आज्ञा देऊन बघ. मुख्य तीन फाइली उतरतात. एक 'ओरिज' टारबॉल (अनेक फाइली एकत्र बांधलेली एक फाइल), म्हणजे मूळ लेखकांचा सोर्स, जसाच्या तसा. दुसरा डेबियनचा टारबॉल : कंट्रोल (पॅकेजची माहिती), रूल्स (ते बांधायच्या सूचना), चेंजलॉग (बदलांची नोंद) आणि असतील ते पॅच (मूळ कोडमधल्या दुरुस्त्या). तिसरी छोटीशी डीएससी फाइल. ती एडिटरमध्ये उघड. बाकीच्या फाइलींचे आकार, त्यांचे चेकसम (फाइल बदलली तर कळावं म्हणून काढलेले आकडे) आणि पाठवणाऱ्याची डिजिटल सही, सगळं एका पानात दिसेल.

हे असं घडायला बरीच वर्षं गेली. जुन्या १.० फॉरमॅटमध्ये सगळे बदल एकाच डिफमध्ये (मूळ आणि बदललेल्या ओळींतला फरक दाखवणाऱ्या फाइलीत) कोंबलेले असत. त्यात साधा आयकॉन घालायचा तर त्याचा आधी मजकूर करावा लागे, आणि मूळ फाइल काढून टाकली तर त्याची नोंदच होत नसे. मग २.० आला, पण तो रुजला नाही. तो सर्रास वापरू नका, असं मॅन्युअलच सांगतं. त्याच्या जागी आलेल्या ३.० क्विल्टमध्ये प्रत्येक पॅच वेगळा राहतो आणि त्यांचा क्रम 'सिरीज' फाइलीत लिहिलेला असतो. २.० ची ही गोष्ट तुझ्या प्रोजेक्टच्या पहिल्या प्रकरणात यायलाच हवी.

फाइली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या साधनाचं मार्च २०२४ मधलं प्रकरणही नीट वाच. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये एक बिल्ड स्क्रिप्ट होती, जी गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाची जाहीर नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) नव्हती. घुसखोरीचं मागचं दार उघडत होतं ते तिच्यातून. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेचा पाठपुरावा अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने केला, म्हणून ते उघडकीला आलं. टारबॉल आणि गिट ताडून फरक दाखवणारं साधन तू केलंस, तर त्याची आज खरोखर गरज आहे. माझ्या मते नव्या फॉरमॅटपेक्षा हा प्रोजेक्ट सरस ठरेल.

आईबाबांना स्पष्ट सांग की 'पॅकेज फॉरमॅट डिझायनर' अशी जाहिरात निघत नाही. पण बिल्ड आणि रिलीज इंजिनिअरिंग, एम्बेडेड लिनक्समधलं योक्टोचं (उपकरणांसाठी लिनक्स बांधायच्या साधनाचं) काम, सॉफ्टवेअरच्या पुरवठा साखळीची सुरक्षा, या सगळ्यांत हेच ज्ञान लागतं. लिनक्स बनवणाऱ्या रेड हॅट कंपनीचं मोठं ऑफिस पुण्यात आहे. म्हणून आरपीएम या त्यांच्या पॅकेज पद्धतीतली स्पेक फाइलही (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी) शिकून घे.

सुरुवात एका पॅकेजपासून कर. डेबियनमध्ये वाली न उरलेल्या पॅकेजांची यादी असते. त्यातलं सोपंसं निवड, दुरुस्त कर आणि स्पॉन्सर (तुझं काम तपासून डेबियनमध्ये चढवणारा) शोध. तो चुका काढेल, दोनदा-तीनदा परत पाठवेल. नेटाने पुन्हा पाठव. देवनागरीचं काम आवडत असेल तर लोहित फॉन्टचं पॅकेज उघडून बघ, मराठी अक्षरं त्यातूनही दिसतात.

तीन-चार महिन्यांनीही नवा फॉरमॅट हवाच असं वाटलं, तर त्या एका पॅकेजला जुन्या फॉरमॅटमध्ये नेमकं कुठे अडलं, ते पानभर लिही आणि ते पान घेऊन सरांकडे जा.