वाचकांचे प्रश्न : मे महिन्यातला फ्रिज आणि त्याचा बर्फ

या महिन्यात फ्रिजबद्दल आलेल्या पत्रांत एक वाक्य सारखं भेटलं : "मेकॅनिक म्हणतो, गॅस संपला." म्हणून उत्तरांआधी थोडं सांगतो. फ्रिजच्या आत किंवा पाठीवर चिकटवलेल्या पट्टीवर क्लायमेट क्लासचं अक्षर असतं. 'टी' असेल तर तो फ्रिज १६ ते ४३ अंशांच्या खोलीसाठी बनलेला आहे, 'एसटी' असेल तर फक्त ३८ पर्यंत. पश्चिमेची भिंत आणि वर तापलेली गच्ची असलेलं नागपुरातलं स्वयंपाकघर मे महिन्यात दुपारी ४३ ओलांडतं. त्या दोन-तीन तासांत कॉम्प्रेसर थांबला नाही किंवा गारवा थोडा उतरला, तर तो बिघाड नाही. रात्री अकरानंतरही तेच चालू असेल तर मात्र शोध घ्यायचा.

प्र. डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री फ्रिज आहे. वर बर्फ दगडासारखा होतो, पण खालच्या कप्प्यात दूध नासतं. गॅस भरायला सांगितलं आहे. भरावा का? (मानेवाडा)

नाही. वर बर्फ कडक होतोय म्हणजे गॅस आणि कॉम्प्रेसर आपलं काम करताहेत. या प्रकारच्या बहुतेक फ्रिजमध्ये थंडावा एकाच ठिकाणी तयार होतो, फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआडच्या कॉइलवर. तिथून पंखा ती हवा खाली ढकलतो. तुमच्याकडे हवा खाली पोचत नाहीये, एवढाच अर्थ निघतो.

आधी फुकटातलं बघा. खालच्या कप्प्यात मागे हवेची जाळी असते. तिला टेकून रसाचं पातेलं किंवा कलिंगड ठेवलंय का? ते काढून एक रात्र जाऊ द्या. फरक नाही पडला तर फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून पूर्ण २४ तास राहू द्या. खाली जुने टॉवेल अंथरा, पाणी बरंच निघतं. मग चालू करा. चार-आठ दिवस उत्तम चालून पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं, तर दोष डिफ्रॉस्टच्या सर्किटमध्ये आहे : कॉइलवर बर्फाचा थर चढतोय आणि तो वितळत नाहीये. २४ तासांनंतरही खाली काहीच फरक नसेल तर पंखा तपासा. फ्रीझरचं दार उघडून दाराचं बटण बोटाने दाबून धरा आणि कान द्या. कॉम्प्रेसर चालू असताना पंख्याचा आवाज यायला हवा. तो येत असेल आणि तरी खाली हवा येत नसेल, तर हवेच्या वाटेतला डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त सोडणारी झडप, अडकलेला असू शकतो.

डिफ्रॉस्टच्या सर्किटमध्ये चार वस्तू : हीटर, बायमेटल, थर्मल फ्यूज आणि टायमर (नव्या फ्रिजमध्ये टायमरऐवजी सेन्सर आणि बोर्ड). मल्टीमीटरवर १५० वॉटचा हीटर साधारण ३५० ओहम दाखवतो, २०० वॉटचा २६५ च्या आसपास. फ्यूज सरळ शून्य दाखवायला हवा. गोंधळ होतो तो बायमेटलचा. हा तापमानावर चालणारा स्विच थंडीतच जोडला जातो, खोलीच्या तापमानाला उघडा असतो. बाहेर काढून तपासला की 'ओपन' दाखवतो आणि चांगला बायमेटल कचऱ्यात जातो. बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात काही मिनिटं बुडवून मगच मोजायला सांगा.

राहिला गॅस. तो सीलबंद नळीत फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. तेव्हा लक्षणं वेगळी दिसतात : कॉम्प्रेसर अखंड चालतो, कॉइलच्या थोड्याच भागावर दंव धरतं आणि फ्रीझरमध्येही बर्फ धड जमत नाही. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही टिकत नाही. पट्टीवर 'आर ६००ए' लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन आहे, पेट घेणारा. घरगुती फ्रिजमध्ये तो अगदी थोडा, सहसा शंभर ग्रॅमच्या आतच असतो. म्हणून आधी व्हॅक्यूम, मग वजनकाट्यावर तोलून गॅस, आणि नळीत गॅस असताना ज्योत जवळ नाही. मेकॅनिककडे काटा नसेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

प्र. साइड बाय साइड फ्रिजला पाण्याची लाइन जोडून आइस मेकर चालू केला. क्यूब अर्धवट आणि पोकळ पडतात, कधी आठवडाभर पडतच नाहीत. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. (मनीषनगर)

आइस मेकरच्या तक्रारींमध्ये यंत्रापेक्षा नळ जास्त वेळा दोषी असतो. बहुतेक आइस मेकरना पाण्याचा दाब किमान २० पीएसआय, म्हणजे १.४ बार लागतो. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर गणित सोपं आहे : दर १० मीटर उंचीला सुमारे १ बार. फ्रिजच्या वर ३ मीटरवर टाकी असेल तर दाब ०.३ बार, जेमतेम ४ पीएसआय. २० पीएसआयसाठी टाकी १४ मीटर वर हवी, म्हणजे चार-साडेचार मजले! स्वतंत्र घरात हे जमणं शक्यच नाही. आणि भिंतीवरच्या आरओच्या नळातून लाइन घेतली असेल तर त्याच्या टाकीतून पाणी नुसतं उताराने येतं, दाब जवळजवळ शून्य.

कमी दाबाने दोन त्रास होतात. साचा ठरलेल्या सेकंदांत पुरता भरत नाही, म्हणून क्यूब लहान किंवा पोकळ. दुसरा त्रास लवकर लक्षात येत नाही. फ्रिजच्या मागचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी पाण्याची झडप) नीट बंद व्हायलाही पाण्याचाच दाब लागतो. दाब नसला की तो थेंबथेंब गळत राहतो, ते थेंब साच्यावरच्या नळीच्या तोंडाशी गोठतात आणि नळी बुजते. मग बर्फ पूर्ण बंद. तुमचा 'आठवडाभर पडतच नाहीत' हाच प्रकार दिसतो.

मोजून बघा. डिस्पेन्सरमधून १० सेकंदांत साधारण १८० मिली पाणी, म्हणजे एक मध्यम पेला, यायला हवं. कमी आलं तर फिल्टर काढून, त्याजागी बायपास प्लग लावून पुन्हा मोजा. आता भरपूर आलं तर फिल्टर बुजलेला आहे. तो तसाही सहा महिन्यांनी बदलायचा असतो, बोअरच्या पाण्यावर त्याआधीच. तरीही कमीच असेल तर फ्रिजकडे जाणाऱ्या लाइनवर (आरओ असेल तर त्याच्यानंतर) प्रेशर स्विचवाला छोटा बूस्टर पंप लावा, २ ते ३ बारचा. बुजलेली नळी मोकळी करताना फ्रिजचा प्लग काढा आणि सिरिंजने कोमट पाणी सोडा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक तडकतं.

दाब ठीक असूनही क्यूब पोकळ येत असतील तर फ्रीझरचं तापमान बघा. उणे १८ असेल तर उत्तम. उणे १२ च्या वर गेलं की आइस मेकर रेंगाळतो, काही तर थांबतातच. नवीन जोडणीनंतर पहिला बर्फ पडायला २४ तास लागू शकतात आणि पहिले दोन-तीन घाणे टाकून द्यायचे असतात.

आणखी एक. वीज तीन-चार तास गेली की डब्यातला बर्फ सुटतो आणि पुन्हा गोठून त्याची एक लादी होते. त्यावर डिस्पेन्सरची पट्टी दाबत राहिलात तर आतल्या मोटरचे गियर झिजतात. डबा बाहेर काढून रिकामा करणं हाच उपाय. सुरीने खोदू नका.

प्र. ट्रेमधला बर्फ वितळल्यावर पेल्याच्या तळाशी पांढरी पूड दिसते आणि बर्फाला वास येतो. प्यावं का? (बेसा)

पूड बहुतेक कॅल्शियमच्या क्षारांची आहे. पाणी गोठताना क्षारांना बाहेर ढकलतं, ते क्यूबच्या मध्यभागी साठतात. वितळल्यावर ते सगळे पुन्हा विरघळत नाहीत. जड बोअरच्या पाण्यात हे होणारच. मूळचं पाणी पिण्याजोगं असेल तर या पुडीने अपाय नाही. आरओच्या पाण्याचा बर्फ लावा, पूड जाईल. ट्रेवर चढलेला पांढरा थर काढायला लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून अर्धा तास बुडवा. हे प्लास्टिकच्या ट्रेसाठी. आइस मेकरच्या धातूच्या साच्यात आंबट काही घालू नका, वरचा मुलामा सुटतो.

वास बर्फाचा नसतो, शेजाऱ्यांचा असतो. काल रात्रीचा सावजी रस्सा उघड्या पातेल्यात ठेवला तर सकाळी बर्फालाही मसाला लागतो. झाकणं लावा, पंधरा दिवसांपेक्षा जुना बर्फ टाका, आणि कप्प्यात वाटीभर खाण्याचा सोडा ठेवून दोन-तीन महिन्यांनी बदला.

जाता जाता : ट्रे गच्चीच्या टाकीतल्या तापलेल्या पाण्याऐवजी माठातल्या पाण्याने भरा. ४० अंशांच्या एक किलो पाण्याचा फ्रीझरमधला कडक बर्फ व्हायला सुमारे ५४० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. माठाचं पाणी २५ अंशांवर असेल तर त्यातली साधारण ६० वाचते. म्हणजे साधारण नववा हिस्सा. मोठी उष्णता जाते ती प्रत्यक्ष गोठण्यातच, ३३४ किलोज्यूल. तिथे माठही काही करू शकत नाही.

प्र. सिंगल डोअर फ्रिजचा बर्फाचा कप्पा उन्हाळ्यात आठ दिवसांत भरून जातो. पेचकसाने खरवडला तर चालेल? (नंदनवन)

पेचकस तर हातातही घेऊ नका. त्या कप्प्याची भिंत म्हणजेच अ‍ॅल्युमिनियमची पातळ कॉइल आहे. एक टोचा लागला की सगळा गॅस बाहेर, आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या फ्रिजच्या किमतीशी झुंजतो. थर ५ मिलिमीटर झाला की डिफ्रॉस्टचं बटण रात्री झोपताना दाबा. घाई असेल तर प्लग काढून कप्प्यात गरम पाण्याचं भांडं ठेवा.

उन्हाळ्यातच का होतं, तर कूलरमुळे. कूलरची हवा गार असते तशीच ओलीही. हॉलमधल्या डेझर्ट कूलरचा झोत फ्रिजच्या दाराकडे असेल तर दार उघडताच ती ओल आत शिरते आणि दंव होऊन बसते. कूलरचं तोंड फिरवा. मग गॅस्केट, म्हणजे दाराभोवतीचं रबर, तपासा : दहा रुपयांची नोट दारात अर्धी अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली त्या जागी रबर सैल आहे. चारही बाजूंना, विशेषतः खालच्या कोपऱ्यांत बघा. साबणाच्या पाण्याने पुसा, वाकलेल्या भागाला हेअर ड्रायरची मंद गरम हवा देऊन हाताने आकार द्या. फाटलं असेल तर बदलणंच बरं.

प्र. संध्याकाळी फ्रिजमधून 'टक्' आवाज येतो, थोडी घरघर, पुन्हा 'टक्'. कॉम्प्रेसर गेला का? (सक्करदरा)

कदाचित नाही. 'टक्' आवाज कॉम्प्रेसरला जपणाऱ्या ओव्हरलोड स्विचचा, म्हणजे ओएलपीचा. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, जास्त करंट ओढतो, ओएलपी त्याला तोडतो, काही मिनिटांनी निवल्यावर पुन्हा जोडतो. संध्याकाळीच होत असेल तर आधी व्होल्टेजवर संशय घ्या; त्या वेळी सगळ्या गल्लीचे कूलर आणि एसी चालू असतात. फ्रिज सुरू व्हायच्या क्षणी सॉकेटवर मीटर लावा. १८० च्या खाली घसरत असेल तर स्टॅबिलायझर घ्या, किमान तीन मिनिटं टाइम डिलेचा. फ्रिज एक्स्टेन्शन बोर्डावर असेल तर ते आजच काढा.

व्होल्टेज ठीक असेल तर संशय रिलेवर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू करून देणाऱ्या भागावर. प्लग काढून मेकॅनिककडून पीटीसी रिले उतरवून कानाशी हलवा. खुळखुळला तर आतली चकती फुटली आहे, आणि हा भाग कॉम्प्रेसरच्या मानाने अगदीच स्वस्त मिळतो. रिले नवा टाकून, व्होल्टेज सांभाळूनही तेच झालं, तरच कॉम्प्रेसरचं नाव घ्यावं. हे साध्या कॉम्प्रेसरचं झालं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला बोर्ड असतो, त्याची तपासणी वेगळी.

प्र. फ्रिजच्या बाजूचे पत्रे हात ठेवता येत नाहीत इतके तापतात. (इतवारी)

नव्या फ्रिजमध्ये कंडेन्सर त्या पत्र्यांच्या आतच बसवलेला असतो, तेव्हा तापणं बरोबर आहे. दोन्ही बाजूंना आणि मागे १० सेंटिमीटर जागा सोडा. कोनाड्यात कोंबलेला फ्रिज आपलीच गरम हवा पुन्हा घेत राहतो. वर टाकलेलं प्लास्टिकचं कव्हर बाजूंवर लोंबत असेल तर तेही काढा.

प्र. भाजीच्या खणाखाली पाणी साचतं. (प्रतापनगर)

निचऱ्याचं भोक बुजलंय. ते मागच्या भिंतीच्या तळाशी असतं. बरेचदा त्यात सांबाराचं (कोथिंबिरीचं) पान किंवा मेथीची काडी निघते. सिरिंजने कोमट पाणी सोडा, तार खुपसू नका. ते पाणी कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं. पावसाळ्यात तो ट्रे दर आठवड्याला काढून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात आणि त्याला असं स्वच्छ, साचलेलं पाणीच आवडतं.

प्र. मागच्या गॅलरीत फ्रिज आहे. डिसेंबरात आइस्क्रीम पातळ राहतं, उन्हाळ्यात मात्र ठीक. (धरमपेठ)

पट्टीवरचे १६ अंश आठवा. बाहेर १०-१२ अंश असले की खालचा कप्पा आपोआप गार राहतो, त्याचा थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला हाक मारत नाही, आणि वरच्या फ्रीझरला थंडी कमी पडते. फ्रिज घरात घ्या.

प्र. सुट्टीत महिनाभर मुलाकडे जाणार आहोत. आइस मेकरचं काय करावं? (त्रिमूर्तीनगर)

आइस मेकरचा स्विच बंद करा, पाण्याच्या लाइनचा कॉक बंद करा, डबा रिकामा करून कोरडा पुसा. फ्रिज पूर्ण बंद ठेवणार असाल तर तो आतून पुसून दोन्ही दारांत घडी केलेला कपडा अडकवा, म्हणजे बुरशी धरणार नाही. परत आल्यावर डिस्पेन्सरमधून आठ-दहा लिटर पाणी वाहू द्या आणि पहिले तीन घाणे कुंड्यांना घाला.