पहिल्या जीपला इंजिन कुठलं?

भावा, पहिलीच जीप ना? मग कंपनीचं तयार हाफ इंजिन घे. ब्लॉक, क्रँक, पिस्टन जुळवूनच येतात. बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून हवं तसं इंजिन बांधणारे कसबी हात आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत आहेत, पण नेमकं काय हवंय ते आधी तुला कळायला पाहिजे. वर्षभर गाडी चालव, मग कळेल.

नवखे इथं चुकतात:
- ताकद वाढवतात, पण रेडिएटर, क्लच, ब्रेक जुनेच. माझं हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) असंच चोर्ला घाटात गेलं, तेव्हा फार जीव तुटला.
- इंजिनचं बिल जपत नाहीत. इंजिन नंबर बदलला की आरटीओत आरसीवर नोंद हवीच.
- नव्या इंजिनवर पहिले ५०० किमी दमानं चालवत नाहीत. त्यानंतर ऑइल बदल.

टर्बोचं नंतर बघू. जीप कुठल्या सालची, ते सांग.