वयस्कर पेशंटशी निरोगी म्हातारपणाबद्दल डॉक्टरांनी कसं बोलावं?

'वय झालं, गुडघे दुखणारच' हे वाक्य आधी सोडा. ते ऐकलं की आजी पुढचं काही सांगतच नाहीत. त्याऐवजी विचारा, "आजी, काय करायचं राहून जातंय?" देवळाच्या पायऱ्या, की खाली बसून भाजी निवडणं? व्यायामाचा विषय तिथूनच निघतो. खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत येऊन बसायला सांगा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरा आणि तोल सांभाळायचे व्यायाम शिकवा. औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावा. झोपेच्या जुन्या गोळ्या, एकच औषध दोन नावांनी, सगळं तिथे दिसतं. आणि कृपा करून सोबत आलेल्या मुलाशी नाही, आजींशी बोला.