‘वारसा’ चालेल, ‘कार्यकालीन प्रकार’ नको

फोंड्याच्या एका महाविद्यालयात जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने विचारले आहे की, मराठी टिपणांत ‘इनहेरिटन्स’साठी (एका क्लासने, म्हणजे वस्तूच्या आराखड्याने, दुसऱ्या क्लासचे गुण घेणे) ‘वारसा’ लिहावे की ‘अनुवंश’, आणि ‘रनटाइम टाइप’ला (प्रोग्रॅम चालू असताना पाहिल्या जाणाऱ्या प्रकाराला) ‘कार्यकालीन प्रकार’ म्हणावे का.

‘अनुवंश’ जीवशास्त्रातला शब्द आहे. तिथे गुण आई आणि वडील दोघांकडून येतात; जावातील क्लासचा थेट पूर्वज क्लास मात्र एकच असतो. म्हणून ‘वारसा’ बरा. गोव्यात त्याची एक अडचण आहे. वारसा म्हटले की आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली वारसांसाठीची राखीव मिळकत आणि कोर्टातली इन्व्हेंटरी (मिळकतीची मोजदाद) डोळ्यांसमोर येते, म्हणजे कोणी तरी वारलेले असते आणि वाटणी व्हायची असते. जावात पूर्वज क्लास जागच्या जागी राहतो, आणि त्याचे दहा उपक्लास झाले तरी कोणाचाही वाटा कमी होत नाही. एवढे पहिल्याच तासाला सांगितले की शब्द निर्वेध वापरता येतो. प्रत्यक्ष कोडमधला ‘एक्स्टेंड्स’ हा शब्द तर विस्ताराचा आहे. तेव्हा नात्याला ‘वारसा’ आणि क्रियेला ‘विस्तार करणे’ असे दोन्ही शब्द ठेवावेत.

‘कार्यकालीन’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. कार्यकाल सरपंचाचा असतो, आमदाराचा असतो. तो सुरू होतो आणि संपतो. त्यामुळे ‘कार्यकालीन प्रकार’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला वाटते की प्रोग्रॅम चालू असेपर्यंत ऑब्जेक्टला (क्लासवरून घडवलेल्या वस्तूला) एक तात्पुरता प्रकार चिकटतो आणि पुढे तो बदलतो. खरे तर ऑब्जेक्ट निर्माण होताना त्याचा जो क्लास ठरतो, तो शेवटपर्यंत तोच राहतो. प्रोग्रॅम चालू असताना तो फक्त विचारात घेतला जातो.

म्हापशाच्या बाजारातली एक पाटी घ्या, जिच्यावर नुसते ‘आंबे’ लिहिले आहे. आत मानकुराद जातीचा आंबा आहे. जावात नावे देवनागरीतही देता येतात, म्हणून मानकुराद हा आंब्याचा उपक्लास धरून, ‘न्यू’ तेवढा रोमन लिपीत ठेवला की हे उदाहरण लिहिता येते: ‘आंबा फळ = न्यू मानकुराद();’. इथे ‘फळ’ या चलाचा प्रकार आंबा, हे पाटीवरचे नाव झाले. त्याला ‘घोषित प्रकार’ म्हणावे. आतल्या ऑब्जेक्टचा क्लास मानकुराद. त्याला मी ‘प्रत्यक्ष प्रकार’ म्हणतो. कंपायलर (कोड चालण्याआधी तपासणारा प्रोग्रॅम) पाटी वाचतो, म्हणून जी मेथड (क्लासमध्ये लिहिलेली कृती) आंब्यात नाही आणि फक्त मानकुरादमध्ये आहे, ती ‘फळ’वर बोलावू देत नाही. पण ‘चव()’ ही मेथड दोघांतही लिहिलेली असेल, तर प्रोग्रॅम चालताना मानकुरादचीच चव येते. फील्डचे (क्लासमध्ये ठेवलेल्या माहितीचे) तसे नाही: दोन्ही क्लासांत ‘रंग’ नावाचे फील्ड असेल, तर ‘फळ.रंग’ पाटीप्रमाणे आंब्याचाच रंग देते. विद्यार्थी इथे हमखास चकतात, आणि ‘घोषित’ व ‘प्रत्यक्ष’ ही जोडी हाताशी असली की हा फरक एका वाक्यात सांगता येतो.

‘कास्ट’ला (ऑब्जेक्ट दुसऱ्या प्रकारचा मानायला सांगणे) ‘रूपांतर’ म्हणण्याची चालही याच कारणासाठी सोडावी, असे मला वाटते. ‘(मुसराद) फळ’ लिहिल्याने मानकुरादचा मुसराद होत नाही. मुसराद हाही आंब्याचाच उपक्लास असल्याने कंपायलर ते मान्य करतो, आणि प्रोग्रॅम त्या ओळीवर आला की ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ ही चूक फेकून थांबतो. ‘म्हणून पाहणे’ हा साधा प्रयोग इथे चपखल बसतो: ‘फळाकडे मुसराद म्हणून पाहता येत नाही.’ ‘इन्स्टन्सऑफ’ नाते विचारतो, त्यामुळे ‘फळ’ आंबा आहे का आणि मानकुराद आहे का, या दोन्ही प्रश्नांना ‘होय’ असेच उत्तर येते. ‘गेटक्लास()’ मात्र फक्त मानकुरादचे नाव सांगते.