इंदूरला राजवाड्याजवळच्या दुकानात माल कधी आणि कशातून उतरवावा, म्हणजे रस्ता अडणार नाही?

पहाटे सहा ते आठमध्ये, छोट्या गाडीतून उतरवा; रात्री नको. 'रात्री रस्ता मोकळा असतो' हा सल्ला इतरत्र ठीक आहे, पण राजवाड्याला लागूनच असलेल्या सराफा बाजारात सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्रीनंतरही तिथे पाय ठेवायला जागा नसते. सियागंजच्या घाऊक बाजारात माल चढवण्या-उतरवण्याचंच काम बघतो, म्हणून खात्रीने सांगतो: रस्ता अडतो तो गाडीच्या आकारापेक्षा तिच्या उभं राहण्याच्या वेळामुळे. हम्माल दहा मिनिटांत खोकी उतरवतो. मग बिल्टी (मालासोबतची वाहतुकीची पावती) शोधणं, नग मोजणं आणि शटरची किल्ली येण्याची वाट पाहणं यात अर्धा तास जातो, आणि मागे रिक्षा, स्कूटर, शाळेची व्हॅन सगळे खोळंबतात. तेवढं टाळलं तरी अर्धं काम झालं.

- मोठा ट्रक देवास नाक्याकडेच रिकामा करून माल छोटा हत्ती किंवा ई-लोडरमध्ये घ्या.
- जे आधी उतरवायचं ते शेवटी भरा.
- नगांची यादी आदल्या रात्रीच व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा.

शेजारच्या दोन-तीन दुकानांचा माल एकाच फेरीत आला तर फारच उत्तम, गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही चालायला जागा राहते. मात्र दिवाळीत आणि रंगपंचमीला रंग उधळत निघणाऱ्या गेर या मिरवणुकीच्या दिवशी हे वेळापत्रक चालत नाही; तेव्हा माल दोन दिवस आधीच आणून ठेवा, आणि नो एंट्रीच्या वेळा वाहतूक पोलिसांकडून ताज्या विचारून घ्या.